बाहेरून लागण

विद्यापीठाच्या गेटवर वॉचमन मामांनी माझ्या कपाळासमोर ताप मोजायचं पिस्तूल धरलं आणि म्हणाले, "म्याडम, इतिहास सांगा." मी इतिहासातच पीएचडी करत होते, त्यामुळे मला हसू आलं. त्यांना माझ्या प्रवासाचा इतिहास हवा होता. परिपत्रकात तसाच शब्द होता. आमच्याकडे प्रवास म्हणजे काशी नाहीतर तिरुपती. निलंग्याहून लातूर, लातूरला गाडी बदलून नांदेड, याला येणं-जाणं म्हणतात.

"बाहेरून आलाव का?"

"न्हाई मामा, घरून आले."

"आता घर बी बाहेरच हाय," मामा म्हणाले आणि त्यांनी मला जुन्या वसतिगृहाकडं पिटाळलं.

कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतली ही गोष्ट. प्रबंध जमा करायची मुदत जवळ आली म्हणून आम्हा संशोधक मुलींना परत बोलावलं होतं. बाहेरून येणारीनं आधी जुन्या इमारतीत वेगळं राहायचं, तपासणी करून घ्यायची आणि रिपोर्ट चांगला आला तरच आपल्या खोलीत जायचं. नियमांबद्दल माझी तक्रार नाही, ते शहाण्या माणसांनी केले होते. माझा राग त्या कागदावरच्या मराठीवर आहे. तो आजही गेलेला नाही, आणि जावा अशी माझी इच्छाही नाही.

माझा रिपोर्ट वाईट आला. ताप हलका होता. जेवणाचा डबा दाराबाहेरच्या स्टुलावर ठेवून बाई लांब जायची, मग मी दार उघडायचे. शेजारच्या खोलीत भोकरची एक मुलगी होती. तिचे वडील गेल्याचा फोन आला, तेव्हा ती दुपारभर भिंतीपलीकडं रडत होती आणि तिच्या पाठीवर हात ठेवायला कुणाला जाता येत नव्हतं. मी भिंतीला टेकून नुसती बसून राहिले.

रिपोर्ट आल्यावर घरी कळवायचं, असाही नियम होता. मी आईचा नंबर दिला होता. फोन करणारा कारकून सभ्य माणूस. त्यानं कागदावरचं वाक्य नीट वाचून दाखवलं: "आपल्या मुलीला बाहेरून लागण झाली असून तिला वेगळं ठेवण्यात आलं आहे. घाबरू नका." आई चौथी शिकलेली. तिनं फोन ठेवला आणि माझ्या वडलांना, अण्णांना, सांगितलं, "लेकीला बाहेरचं लागलंय."

आमच्या भागात बाहेरचं लागणं याचा अर्थ एकच. वडाखालचं, पडक्या विहिरीजवळचं, ज्याचं नाव घेत नाहीत ते. कोरोना आईला ठाऊक होता, टीव्हीवर सकाळ-संध्याकाळ तोच होता. पण फोनवर त्याचं नाव आलंच नाही. वाईट गोष्टीचं नाव तोंडानं घेऊ नये, ही आपली रीत. कार्यालयानं घेतलं नाही, मीही घेतलं नाही. त्यात पुन्हा 'वेगळं ठेवलंय'. झपाटलेल्याला वेगळंच ठेवतात.

त्या रात्री आईचा फोन आला.

"जेवलीस का? मीठ लागतंय का तोंडाला?"

"न्हाई गं, कशाचीच चव न्हाई. वास बी येत न्हाई."

बाहेरचं लागलेल्याच्या तोंडाला मीठ लागत नाही, असं आमच्याकडं मानतात.

"पण मी बरी हाय आई, खरंच."

"हाव, हाव," ती म्हणाली. झपाटलेलं माणूस आपण बरं असल्याचंच सांगतं, हे तिला पक्कं माहीत होतं. बोलता बोलता ती खोकत होती. विचारलं तर म्हणाली, चुलीचा धूर.

पुढचं सगळं मला मागाहून काकूनं सांगितलं. खोकला धुराचा नव्हता. गावातल्या डॉक्टरनं आईला सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्यायच्या गोळ्या दिल्या होत्या. पण आईनं नवस बोलला: लेक बरी होऊन घरी येईपर्यंत एकच वेळ जेवीन. संध्याकाळचं जेवण सुटलं, तशी उपाशीपोटी चालत नाही म्हणून गोळीही सुटली. अंगात ताप असताना गुरुवारी ती उन्हातून गावाबाहेरच्या दर्ग्याला चालत गेली. दर्गा बंद होता. मुजावराच्या बायकोनं तिचा चेहरा पाहिला आणि म्हणाली, "आपा, पहले अपना बुखार दिखाव." आई म्हणाली, "माझं ऱ्हाऊ द्या, लेकीचं बघा."

मी इकडं रोज फोनवर सांगत होते, मी बरी हाय. आणि माझं बरं असणं ऐकून ऐकून ती तिकडं उपास करत होती.

तिला धाप लागली तेव्हा अण्णा आणि काका तिला जीपमध्ये घालून लातूरला घेऊन गेले. खाट मिळेपर्यंत ती जीपमध्येच बसून होती. खाट मिळाली, ऑक्सिजनही मिळाला. उशीर मात्र झालेला होता.

आई गेल्याचा अण्णांचा फोन आला तेव्हा माझा दुसरा रिपोर्ट यायचा होता. वॉर्डनबाई पायऱ्यांखाली हात जोडून उभ्या राहिल्या, त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. "सोडता येत नाही गं," म्हणाल्या. मी दाराला लाथा घातल्या, शिव्या दिल्या, ज्या मला येतात हे मलाच माहीत नव्हतं. लातूरलाच पालिकेच्या माणसांनी आईला अग्नी दिला. अण्णांनी लांबून पाहिलं.

मला सोडलं तेव्हा घरी आईचे दिवस होऊन गेले होते. अण्णा ओसरीवर बसलेले, गालफडं आत गेलेली. मला वाटलं, दुःखानं. काकूनं मला आत नेऊन हळूच सांगितलं, "ती गेल्यापसनं भावजी एकच येळ जेवत्यात. तू कुठं घरी आली होतीस? म्हनले, तिचा नवस अर्धा ऱ्हाऊ नये."

संध्याकाळी मी भाकरी केल्या, वरण केलं, ताट वाढलं. अण्णांनी ताटाला हात लावला नाही. मग वर न बघता त्यांनी विचारलं, "आता समदं उतरलं न्हवं?"

माझ्याजवळ सांगायला पुष्कळ होतं. विषाणू कसा पसरतो ते, त्या वाक्याचा अर्थ काय होता ते, आणि मी पहिल्यापासून बरी होते तेही. या माणसाला ते सगळं सांगितलं असतं तर आई कशासाठी गेली, असं त्यानं विचारलं असतं.

"हाव अण्णा," मी म्हणाले. "आईनंच उतरवलं."

त्यांनी मान हलवली आणि भाकरी मोडली.