टायरच्या खाचेतला लाल ठिपका

मिस्त्री गोड बोलायचा, म्हणून माझा त्याच्यावर पहिल्या दिवसापासून संशय. ट्रकवाल्यांच्या घरात आयुष्य गेलेल्या बाईला एवढं कळतं. खरा मिस्त्री कपाळाला आठ्या घालून येतो आणि आधी मागच्या मिस्त्रीला शिव्या घालतो. हा हसत आला, माझ्या पाया पडला, आणि चहाचा घोट घेऊन म्हणाला, "एक नंबर, मावशी!" चहात मी साखर घालायला विसरले होते. त्या दिवसापासून मी त्याला मुद्दाम बिनसाखरेचाच चहा देत गेले. हा रोज म्हणायचा, एक नंबर. असा माणूस खोट्या गोष्टी किती सहज बोलत असेल!

गाडी माझ्या नातीची. नागावच्या एका बंगल्यात किती तरी पावसाळे ताडपत्रीखाली पडून असलेली, दोन दारांची जुनी जपानी स्पोर्ट्स कार. बटण दाबलं की तिचे दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर यायचे. त्यातला एकच यायचा, म्हणून ती सारखी डोळा मारतेय असं वाटे. खाऱ्या हवेनं तळ चाळणीसारखा केलेला. मी मिठागरवाल्यांची लेक, मीठ लोखंडाचं काय करतं ते मला कुणी सांगायला नको. पण नातीनं ती आमच्या ट्रकच्या शेडमध्ये आणून उभी केली आणि कामावरून आली की तिच्याखाली शिरायला लागली. तळाला नवे पत्रे, कडक स्प्रिंगा, जास्त ताकदीचं इंजिन, सीटच्या बाजूला हातभर उंच हँडब्रेक. सगळं कशासाठी, तर ड्रिफ्टिंगसाठी. म्हणजे गाडी मुद्दाम घसरवायची, तोंड एकीकडे, चाल दुसरीकडे, आणि मागून धूर.

पनवेलकडच्या एका मैदानात तिची पहिली स्पर्धा ठरली होती. त्या एका दिवसासाठी पोरगी दोन वर्षं हात काळे करत होती, आणि तो दिवस सगळा त्या गोडबोल्याच्या हातात होता.

एकदा तो जेवायला गेला असताना मी शेडमध्ये शिरले. गाडी जॅकवर होती. मागचं एक चाक हातानं फिरवलं. धडधाकट गाडीत एक चाक पुढे फिरवलं की पलीकडचं उलटं फिरतं. इथं दोन्ही एकाच बाजूला फिरली. दोन चाकांना जोडणारं डिफ्रेंशियल जाम!

संध्याकाळी मी नातीला बाजूला घेतलं. "मिस्त्रीनं खराब माल गळ्यात मारलाय तुझ्या."

"आजी, ते मी वेल्डिंग करून घेतलंय. दोन्ही चाकं एकदम फिरली तरच गाडी आडवी सरकते."

"म्हणजे तुझ्याच तोंडून वदवून घेतलंन! लबाड हाय तो."

ती हसत निघून गेली. मी माझं जुनं हत्यार काढलं. नेलपॉलिश.

या हत्याराची एक गोष्ट आहे. लग्न होऊन नवीन आले तेव्हा मी स्वतःला गावातली एकुलती एक हुशार बाई समजायचे. ड्रायव्हर लोक नवे टायर विकून जुने चढवतात, असं कुणीतरी त्या शहाणीच्या कानात घातलं. झालं! तिनं लग्नातली नेलपॉलिशची बाटली आमच्या ट्रकच्या पुढच्या टायरांवर ठिपके देण्यात संपवली. ट्रक फेरी करून परत आला, तर पुढे ठिपका नाही. बाई पदर खोचून अंगणात, आणि ड्रायव्हरच्या सात पिढ्या तोंडात. आमचे हे बनियनवर धावत आले. ठिपक्याचे टायर मागे लावलेले होते. पुढचे मागे, मागचे पुढे, हे ट्रकवाले करतातच. "आता घड्याळाच्या काट्यांना पण ठिपके दे," हे सगळ्यांदेखत म्हणाले, "रोज जागा बदलतात, चोर कुठचे." पुढे कितीतरी दिवस ती शहाणी मागच्या दारानं पाण्याला जात होती.

पण आता मी शहाणी झाले होते, असं मला वाटत होतं. सरावासाठी मागच्या चाकांना नवे टायर बसले, तेव्हा मी नक्षीच्या खाचेत, अगदी आत, ठिपके दिले. वरून कुणाला दिसणार नाहीत असे.

मी रेवदंड्याला भाचीच्या हळदीला गेले त्या दिवशी आमच्या ट्रकच्या यार्डात सराव झाला. परत आले, साडीसुद्धा बदलली नाही, थेट शेडमध्ये. मागचे टायर तुळतुळीत! ठिपका नाही, नक्षीच नाही. या वेळी चारही चाकं तपासली. पुढेही ठिपका नव्हता.

मिस्त्री पाने-पकडी पेटीत भरत होता. "नवे टायर कुठं हायत?" मी विचारलं.

"हेच ते, मावशी."

"सकाळी नवे नि संध्याकाळी टकले? आमचा ट्रक मुलुख फिरून येतो, तरी टायर एवढा झिजत न्हाय. कुणाला विकलास?"

त्याचं हसू पहिल्यांदाच गेलं. हातातला पाना त्यानं पेटीत आपटला. "चोर म्हणता मला? आणि तुमचा तो चहा! गटाराचं पाणी बरं. माणूस मान ठेवून पितो, तर..." तो तडक निघाला; पुढचं मोटारसायकलच्या आवाजात गेलं.

नात जुन्या टायरवर बसली. ओरडली असती तर बरं झालं असतं. "हँडब्रेक अजून नीट धरत नाही, आजी. तो मला एकटीला जुळवता येत नाही. आता कसली स्पर्धा?"

मला मात्र गटाराचं पाणी डोक्यातून जाईना. मनातलं खरं बोलता येत होतं की त्याला!

सकाळी मीच फोन केला. तो आला, पण अट घालून. "मावशींनी गाडीत बसायचं. ठिपकेही त्यांनीच द्यायचे."

मागे दुसरे नवे टायर चढले. मी खाचेत ठिपके दिले, नातीनं मला पट्ट्यांनी सीटला बांधलं, आणि यार्ड आडवं झालं. शेड, फाटक, मिस्त्री, परत शेड, सगळं बाजूच्या काचेतून धावत होतं. धुरानं डोळे चुरचुरत होते, पण मी ते मिटले नाहीत. मिटले तर मिस्त्री टायर बदलेल!

उतरले, वाकून पाहिलं. ठिपके गेलेले. रबराचे काळे कण माझ्या साडीवर.

"बोला, मावशी."

"चहा ठेवते."

"साखर घाला."

चहा पिऊन त्यानं हँडब्रेक जुळवला, मग मागची बाजू तपासायला घेतली. एक बोल्ट त्याच्या बोटांनीच फिरला. "या हादऱ्यांनी सुटतात, आणि बघून कळतही नाही," तो म्हणाला. मी कमरेला खोचलेली नेलपॉलिशची बाटली काढली. त्यानं कसलेल्या प्रत्येक बोल्टवरून खालच्या लोखंडापर्यंत मी एक लाल रेघ ओढली. बोल्ट हलला की रेघ तुटणार.

स्पर्धेच्या दिवशी दर फेरीनंतर गाडी जॅकवर चढायची आणि मी टॉर्च घेऊन खाली वाकायचे. शेवटच्या फेरीआधी मागच्या डाव्या चाकाकडची एक रेघ तुटलेली दिसली. नातीला बोलावणं आलं होतं. मी तिच्या दारापुढे उभी राहिले. "न्हाय. आधी हा कसा."

मिस्त्रीनं वाकून पाना लावला. बोल्ट चांगला अर्धा वेढा फिरला. "मीच कसला होता हा," तो पुटपुटला.

"म्हणून तर बघितला," मी म्हटलं, आणि दारापुढून बाजूला झाले.