सहा मॅगझिनं अडली, त्या दिवसाची गोष्ट

कारखान्यात तिला सगळे आत्या म्हणायचे. साहेबसुद्धा. बावीस वर्षं एका बाकड्यावर बसून आत्यानं एकच काम केलं, रायफलीची मॅगझिनं तपासली. मॅगझिन म्हणजे रायफलीला खालून लावायची गोळ्यांची पोलादी पेटी. आत स्प्रिंग, स्प्रिंगच्या डोक्यावर पाटी, पाटीवर तीस गोळ्या. एक उडाली की पाटीनं पुढची वर ढकलायची. एवढंच काम, पण पाटी अडली की माणसाच्या हातात रायफल नाही, नुसतं दांडकं उरतं.

आत्या बिनदारूच्या गोळ्या खच्चून भरायची, कानाशी धरून हलवायची, कमरेच्या उंचीवरून फरशीवर आपटायची आणि अंगठ्यानं एकेक गोळी पुढं सारायची. तिसाच्या तीस बिनतक्रार निघाल्या की बुडाशी ठसा, ठप्प! नवरा घरी चिडवायचा, "मला पसंत करताना असंच हलवून बघितलं होतंस काय?"

"बघितलं असतं तर तिथल्या तिथं परत पाठवला असता!"

यंदा नवं मॅगझिन आलं होतं. ते कारखान्यातल्या तरण्या इंजिनियर पोरीचं, तिला सगळे चष्मेवाली म्हणत. दोन वर्षं राबून तिनं पत्रा पातळ केला आणि दोन्ही कुशींना उभ्या पन्हाळ्या दाबल्या. वजन कमी, ताकद तेवढीच. आत्या त्यावर बेहद्द खूश. महिनाभरात दोन हजारांवर ठसा मारून मोकळी झाली.

आणि गोळीबाराच्या मैदानावरून निरोप आला. चाळीस मॅगझिनं झाडून पाहिली, सहा अडली.

साहेब तणतणत आले. "चारला मला वर कळवायचंय. कारण सापडलं नाही तर नवा नमुना रद्द, जुनं जाड मॅगझिन पुन्हा सुरू. आणि आत्या, तुमच्या हातून हे सुटलं कसं, तेही लिहावं लागेल."

चष्मेवालीचा चेहरा पांढराफटक पडला. आत्या बाकड्यावरचा पसारा बाजूला सारत म्हणाली, "आणा ती सहा इकडं. बघते कशी अडतात!"

मैदानावरचा नेमबाज खोकं घेऊन आला. सदा एक डोळा बारीक करून बघायचा म्हणून त्याला एकडोळ्या म्हणत. आत्यानं पहिलं उचललं, पुसलं, भरलं, हलवलं, आपटलं. तीस निघाल्या. दुसरं, तिसरं, सहाच्या सहा सुरळीत!

"मग काय मैदानावर भूत बसलंय?" साहेब ओरडले.

एकडोळ्या दाराला टेकून हसला. "आत्या, तू लाडच फार करतेस बघ. आधी अंग पुसतेस, मग आपटतेस. आमच्याकडं यांना कोण पुसतंय? कोरडीठाक वापरतात, वर धूळ."

आत्याचा हात जागीच थांबला. डाव्या मुठीत तेलाचं फडकं होतं.

घामाच्या बोटांनी पत्रा गंजतो, म्हणून तिला काम शिकवणाऱ्या उस्तादांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, मॅगझिन आधी तेलाच्या फडक्यानं आतबाहेर पुसायचं. आत्यानं तेच पुढं सात पोरींना शिकवलं. कुठल्या कागदावर नव्हतं. चष्मेवालीनं तपासणीचे कागद दहादा वाचले, तिला दिसणार कुठून?

"रॉकेल आण गं पोरी! पळ!"

सहाही मॅगझिनं धुतली, हवा मारून वाळवली. आत्यानं कोरड्या हातानं पहिलं भरलं. गोळ्या सुटत गेल्या. पंचवीस. सव्वीस. सत्ताविसावी वर आलीच नाही!

"अडली! अडली गं बाई!" आत्या अशी किंचाळली, की शेजारच्या खोलीतून माणसं धावली. दुसरंही अडलं. तिसरंही! चष्मेवालीनं बॅटरी आत मारली. पन्हाळीच्या टोकाला केसाएवढी धारदार कड उठली होती. शेवटी स्प्रिंगचा जोर कमी झाला की पाटी तिथं धरायची, आणि तेल असलं की घसरून निसटायची. साहेबांनी बुडं उलटी केली. सहाही बुडांवर साच्याचा आकडा एकच, तीन.

"तीन नंबरचा साचा झिजलाय! नमुना ठीक आहे!" चष्मेवालीनं आत्याला मिठीच मारली. साडेतीन वाजले होते.

साहेबांनी सुस्कारा टाकला. "चला, साचा बदलतो, तसं कळवतो."

"थांबा, माझं राहिलं," आत्या म्हणाली. "लिहा, तपासणीत चूक. तेल लावून तपासलं, माझ्या हातानं. आणि ती दोन हजार परत आणा."

"सगळी कशाला? तीन नंबरची तेवढी आणू."

"बाकीची तरी कोरडी कुणी बघितलीत, साहेब?"

एकडोळ्याचं हसू गेलं. साहेबांनी कागद पुढं ओढला आणि ती म्हणाली तसं लिहिलं. "ठसा मात्र दोन हजार पुरी होईतो माझ्याकडं राहील, आत्या. नाइलाज आहे."

"राहू द्या," आत्या म्हणाली आणि काढून दिला. तो देताना जीव कळवळला, नाही असं नाही.

दुसऱ्या दिवशी खोक्यांची चळत खोलीच्या छताला भिडली. दुपारपर्यंत दोनशे झाली. अकरा अडली, त्यातलं एक चार नंबरच्या साच्याचं! आत्याची बोटं काळीकुट्ट झाली होती आणि डोळे जत्रेला निघालेल्या पोरीसारखे चमकत होते.

चष्मेवाली चहा घेऊन आली. "आत्या, दमलात की. जरा टेका."

"टेकतेय कशाची! चाराचं आणखी एखादं सापडतंय का बघते. तू उभी काय राहिलीस? ओढ ते खोकं!"