राष्ट्रकवी आणि बाबांची मराठी

आमच्या बाबांचं दैवत म्हणजे राष्ट्रकवी. आमच्या झाशीकडचेच, हिंदीत लिहिणारे, आणि पुढे संसदेत जाऊन बसलेले. तिथेही ते म्हणे कवितेत बोलायचे. बाबांनी त्यांच्याकडून नेमकं तेवढंच उचललं. चहा हवा असला की स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून यमक जुळवायचे. "प्रस्ताव नामंजूर," आई पोळी लाटता लाटता म्हणायची. चहा मात्र व्हायचा.

गेल्या वर्षी इथल्या मराठी मंडळाने बाबांना राष्ट्रकवींवर दहा मिनिटं बोलायला बोलावलं. मराठीत, तेही पुण्याहून आलेल्या अध्यक्षांसमोर. झाशीत आमच्या सहा पिढ्या गेल्या. दिवसभर सीपरी बाज़ारात हिंदी, पण घरात मराठीच, हा बाबांचा कायदा. तुमची मराठी अस्सल आहे, असं एकदा तरी पुण्याच्या माणसाने म्हणावं, एवढीच त्यांची हौस.

भाषण टाइप करायला माझ्याकडे आलं. त्यात एक वाक्य होतं: "राष्ट्रकवींनी संसदेत बसून जनतेच्या शिक्षेसाठी फार चेष्टा केली." हिंदीत शिक्षा म्हणजे शिक्षण आणि चेष्टा म्हणजे प्रयत्न, बाबांनी तेच मराठीत आणून बसवलं होतं. मी दोन वर्षं पुण्यात नोकरी केलेली, माझ्या लगेच लक्षात आलं. पण खोडी काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. म्हटलं, राहू दे, घरी आल्यावर हसू.

बाबा ते वाक्य काय ठसक्यात बोलले! आमच्या मंडळींनी टाळ्या वाजवल्या. कुणालाच काही खटकलं नाही. अध्यक्ष मात्र उठले आणि दोन्ही शब्दांचे मराठी अर्थ हसत हसत सांगून मोकळे झाले.

"पण गोड आहे हो तुमची भाषा," ते म्हणाले. "हिंदीच वाटते."

सगळे हसले. बाबाही हसले, जरा उशिरा.

परतताना ऑटोत त्यांनी विचारलं, "तुला दिसलं नव्हतं का गं?"

"दिसलं होतं," मी म्हणाले. खोटं बोलायला जीभ रेटेना.

मला माझीच लाज वाटत होती. घरी आल्यावर ते खुर्चीत बसले आणि म्हणाले, "बेटा, ज़रा पानी देना." माझ्याशी ते हिंदीत पहिल्यांदाच बोलले.

मी पाणी दिलं. "बाबा, चुकलं माझं," म्हणाले.

"कोई बात नहीं," ते म्हणाले.