टेंभुर्णेजींच्या डोक्याचं माप

परवा टेंभुर्णेजींची मुलगी दीक्षा दोन कोरे कागद ठेवून गेली. वडिलांच्या पहिल्या स्मृतिदिनाला घरचे मिळून छोटी पुस्तिका काढत आहेत. "काका, आप तो बाजू में ही रहते थे. आपसे ज्यादा कौन जानता था?" असं म्हणाली. मी मान हलवली. खरं सांगण्याचा धीर झाला नाही.

गौतम टेंभुर्णे पुरानी बस्तीत माझ्या भिंतीला भिंत लावून अकरा वर्षं राहिले. त्यांचं मूळ गाव भंडाऱ्याकडचं की गोंदियाकडचं, ते मला माहीत नाही. त्यांना गाणी आवडायची का, कशाची भीती वाटायची, हे मी कधी विचारलं नाही. खात्रीनं एकच गोष्ट सांगू शकतो. त्यांच्या डोक्याचा घेर अठ्ठावन्न सेंटिमीटर होता. टेप मी धरली होती.

ते शहराबाहेर, उरल्याच्या कारखान्यांच्या भागात, एका रोलिंग मिलमध्ये सळयांची जाडी मोजायचे. जन्मभर तेच काम. घरातही खिशात व्हर्नियर, म्हणजे ते बारीक मापाचं चिमट्यासारखं अवजार, घालून फिरत. मायाबाईंची पोळी एकीकडे जाड झाली तर तेही सांगत. मायाबाई ऐकून घेत आणि दुसऱ्या दिवशी पोळी तशीच करत.

तीन वर्षांपूर्वी डिसेंबरात मिलच्या गेटवर पाटी लागली की हेल्मेटशिवाय मोटारसायकल आत येणार नाही. तोवर टेंभुर्णेजी कानाला मफलर बांधून जात. त्या संध्याकाळी ते टेप घेऊन माझ्याकडे आले.

"अच्युतभाऊ, कपाळावरून धरा. ढिली नका धरू."

मी धरली. अठ्ठावन्न.

"म्हणजे साठचं घ्या लागते," ते म्हणाले.

"काहून?" मी विचारलं.

"सळई गरम असते तेव्हा मोठी असते, थंड झाली का आवळते. हे डिसेंबरचं माप आहे. मे महिन्यात उरल्याच्या उन्हात डोकं केवढं होईल, त्याचा हिशेब नको का? अन् मोठ्यात चष्माही आरामात बसते."

माणसाचं डोकं सळईसारखं वाढत नसावं, असं मला वाटलं. पण मी सिंचन खात्यात कारकून होतो, आणि त्यांचा लोखंडाशी बत्तीस वर्षांचा संबंध. मी टेप गुंडाळून परत दिली.

साठचं हेल्मेट आलं. चष्मा आरामात बसला, डोकंही आरामात बसलं. आठव्या दिवशी उरल्याच्या वळणावर मागून ट्रकचा हॉर्न वाजला, म्हणून त्यांनी मान वळवली. मान वळली, हेल्मेट वळलं नाही. एका डोळ्यापुढे अस्तर आलं आणि गाडी पेरूच्या ठेल्यात शिरली. लागलं कोणालाच नाही. त्या दिवसापासून दोन्ही घरांत आठवडाभर पेरूच खाल्ले गेले.

मग त्यांनी रस्त्याकडेला बसणाऱ्या एका विक्रेत्याकडून दुसरं घेतलं, घट्ट. इतकं घट्ट की गाल पुढे येऊन तोंड माशासारखं व्हायचं. चष्मा आत जाईना. मायनस पाचचा नंबर. त्यांनी चष्मा शर्टाच्या खिशात ठेवला आणि ते तसेच जाऊ लागले. मला म्हणाले, "रस्ता पाठ आहे आपल्याले." गल्लीतल्या गाई पाठ नव्हत्या, पण त्या बिचाऱ्या बाजूला होत.

हे फार दिवस चाललं नाही. एका दुपारी मायाबाई भाजीची पिशवी घेऊन कोपऱ्यावर उभ्या होत्या. नवरा ड्यूटीवरून येताना दिसला, म्हणून त्यांनी हात केला. टेंभुर्णेजींनी गाडी हळू केली आणि ते अतिशय सभ्यपणे म्हणाले, "बहनजी, ज़रा साइड हो जाइए."

मायाबाई पायी घरी आल्या. त्यांनी गाडीची चाबी काढून घेतली आणि तांदळाच्या डब्यात खोल खुपसली.

"हेल्मेटच्या आत चष्मा, अन् चष्म्याच्या आत तुमचे डोळे. तवाच चाबी निघन."

"बत्तीस वर्ष संसार केला, अन् एका बहनजीवरून?"

"त्याच्यावरूनच."

इथपर्यंत मी आमच्या ओट्यावर बसून हसत होतो. पण पहिली पाळी सकाळी सहाची. त्या वेळी आमच्याकडून उरल्याला थेट काही मिळत नाही. दोन ऑटो बदलून जाताना त्यांना तीन दिवस रोज उशीर झाला. तिसऱ्या दिवशी फोरमन म्हणाला, सोमवारीही असंच झालं तर मोजमापावरून काढून ट्रकच्या नोंदीच्या खिडकीत बसवतो. रिटायर व्हायला चौदा महिने होते. त्या संध्याकाळी ते ओट्यावर आले, खिशातून व्हर्नियर काढलं, उघडलं, मिटलं आणि परत ठेवलं. तेव्हा माझं हसू गेलं.

रविवारी आम्ही दोघे पायीच मोठ्या रस्त्यावरच्या हेल्मेटच्या दुकानात गेलो. दुकान भार्गव नावाच्या तरुणाचं. त्यानं माप घेतलं, अठ्ठावन्न, आणि अठ्ठावन्नचंच हेल्मेट काढलं. हनुवटीचा भाग वर उचलता येणारं.

"काका, सिर हिलाओ. साथ में गाल भी हिलना चाहिए."

गाल हलले. टेंभुर्णेजींनी कानाजवळच्या अस्तरातली खाच व्हर्नियरनं मोजली. मग चष्म्याची दांडी मोजली. खाच मोठी निघाली. तरी चष्मा आत जाईना. दांडी अस्तरात अडायची, त्यांचा कान दुमडायचा आणि ते "नाही जमत" म्हणायचे. भार्गवनं सहा हेल्मेटं काढली. माप बरोबर, तरी चष्मा बाहेर. टेंभुर्णेजी चष्मा हातात धरून स्टुलावर बसले. भार्गवनं सांगितलेला चहा थंड होत होता.

मला पहिल्या हेल्मेटपासूनच दिसत होतं. त्यांच्या चष्म्याच्या दांड्या कानामागे पार गोल वळणाऱ्या, आकड्यासारख्या होत्या. माझ्या सरळ. सांगावं की नाही, यात माझा अर्धा तास गेला. शेवटी मी त्यांच्या डोक्यावरचं हेल्मेट काढून स्वतः घातलं आणि माझा चष्मा दोन्ही बाजूंनी आत सरकवला. गेला.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. म्हणजे माझ्या दिशेनं पाहिलं.

"दांडी सरळ पाहिजे," मी म्हणालो. "हेल्मेट ठीक आहे."

"हे तुमाले कधी समजलं?"

"मघाशी."

"अन् डोकं उन्हानं वाढत नाही, हे?"

"डिसेंबरात."

"मंग काहून नाही बोलले?"

"तुम्ही गरम माप म्हणाले होते. मला वाटलं, असेल."

भार्गव काउंटरमागे खाली वाकून काहीतरी शोधू लागला. त्याचे खांदे हलत होते.

शेजारच्या चष्मेवाल्यानं तासाभरात त्याच काचांना सरळ दांड्या लावल्या. टेंभुर्णेजी चष्म्यासकट हेल्मेट घालून भार्गवच्या दुकानात वीस मिनिटं पेपर वाचत बसले. टोचतं ते लगेच कळत नाही, वीस मिनिटांनी कळतं, असं त्यांचं म्हणणं. ते बरोबर होतं. पुढे माझं हेल्मेट घेताना मीही तेच केलं.

संध्याकाळी मायाबाई पुन्हा कोपऱ्यावर जाऊन उभ्या राहिल्या. चाबी दिली होती, पण पदराला तांदूळ चिकटलेले होते. टेंभुर्णेजींनी दूरवरूनच ब्रेक दाबला.

"कुठं जायचं, मॅडम?"

"घरी. अन् मॅडम नाही."

चौदा महिने ते सळयाच मोजत राहिले. रिटायर झाल्यावरही बाजारात जायला तेच हेल्मेट. गेल्या वर्षी घरीच, झोपेत गेले. आदल्या सकाळी ते फाटकाशी गाडीवर बसले होते आणि मी ओट्यावर होतो. त्यांनी हेल्मेटची काच वर केली.

"अच्युतभाऊ, ही काच पुसून द्या जरा. धूळ दिसून राहिली."

मी पुसली.

"शर्टानं पुसली काय? चरे पडतात."

"हो."

"बरं. येतो."