कान तुटलेला सिंह

दरबार हॉलची झाडलोट करणाऱ्या मावशींना सगळा राजवाडा ‘उलटपावली’ म्हणायचा. फरशी काय, सगळेच मागे सरकत पुसतात. पण मावशी बादली घेऊन बाहेर पडतानाही सिंहासनाकडे तोंड करून मागे-मागे जायच्या. दोनदा खांबावर आपटून डोक्याला टेंगूळ आलं, तरी खोड गेली नाही. त्यांचे सासरे जुन्या दरबारातले शेवटचे चोपदार. संस्थान गेलं, राजवाड्याचं संग्रहालय झालं आणि सून तिथे कामाला लागली, तेव्हा म्हाताऱ्याने बजावलं होतं, “गादी रिकामी असली म्हणून काय झालं? तिला पाठ दाखवायची नाही.”

सव्वीस वर्षांत मावशींनी ती दाखवली नाही.

दुपारचा डबा मात्र त्या खालच्या अडगळीच्या खोलीत खायच्या. तिथे मोडक्या सामानात एक ऐसपैस खुर्ची होती. एक पाय डुगडुगत होता, त्याखाली मावशींनी पुठ्ठ्याची घडी सारली. बैठक फाटली होती, तिच्यात जुन्या पडद्याच्या चिंध्या कोंबून वरून टाके घातले. खुर्चीच्या दोन्ही हातांवर लाकडी सिंह होते. उजव्याचा कान तुटलेला, त्यावर पिशवी नीट अडकायची. डाव्यावर ओला हातरुमाल. चप्पल काढून, मांडी घालून त्या तासभर बसायच्या. घरात सुनेच्या राज्यात एवढी निवांत जागा त्यांना कुठली मिळायला?

एके दिवशी जुन्या लाकडी वस्तूंचे तज्ज्ञ आले. हातात भिंग आणि दरबाराचा एक जुनापुराणा फोटो. दरबार हॉलमधलं सिंहासन त्यांनी वाकून पाहिलं, ठोकून पाहिलं आणि अधिकारीसाहेबांना थंडपणे म्हणाले, “ही नक्कल आहे. मिरवणुकीसाठी केलेली असणार. हलकं लाकूड, वर सोनेरी रंग. खऱ्या सिंहासनाच्या उजव्या सिंहाला एक कान नाही, हे बघा फोटोत. तसा सिंह इथे कुणी पाहिलाय का?”

दाराशी फडकं घेऊन उभ्या असलेल्या मावशींच्या पायाखालची जमीन सरकली. वस्तूंचं नुकसान करणाऱ्याला त्याच दिवशी घरी पाठवायचं, असा नियम होता आणि निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. गप्प बसल्या असत्या तर कुणाला काय कळणार होतं? पण सासऱ्यांचा चेहरा डोळ्यांपुढून हलेना.

“मी पाहिलाय,” त्या म्हणाल्या. “रोज पाहते. पिशवी अडकवते मी त्याला.”

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तसं झालं होतं. खाली जाऊन सगळे त्या खुर्चीपुढे आ वासून उभे राहिले. पुठ्ठ्याची घडी अजून पायाखाली होती.

साहेबांनी मावशींना बाजूला घेतलं. त्यांच्याही तोंडचं पाणी पळालं होतं. “मावशी, ही खुर्ची मोडकी म्हणून खाली टाकायला मीच सही केली होती. तुम्ही बसत होता हे मी ऐकलं नाही, माझी सही तुम्ही पाहिली नाही. झाकली मूठ राहू द्या.”

नोकरी वाचली. मावशींना बरं मात्र वाटलं नाही. सव्वीस वर्षं आपण वाकलो ते कुणापुढे, आणि मांडी घातली ती कशावर, हे काही केल्या त्यांच्या पचनी पडेना.

महिनाभरात खरं सिंहासन वर आलं. भोवती दोरी लागली. पहिल्याच दिवशी गाईड पाहुण्यांना सांगत होता, “बैठकीला मधोमध हा खोलगट भाग दिसतोय? चार पिढ्यांचे राजे बसून तो पडलाय. आम्ही मुद्दाम तसाच ठेवलाय.”

पाहुण्यांनी माना डोलावल्या. मावशींनी खोलगट भागाच्या कडेचे आपले टाके ओळखले, बादली उचलली आणि मागे-मागे सरकत बाहेर पडल्या.

त्या दुपारी त्यांनी डबा उभ्यानेच खाल्ला.