मुडदुशीच्या गावाला जाताना

आमच्या सासूबाईंनी नऊ महिने डोकं असलेला मासा पाहिला नव्हता.

वसईच्या कोळीवाड्यात जन्मलेली आणि तीस वर्षं बाजारात मासळी विकलेली बाई ती. आमच्या बाळाच्या वेळी तीन महिन्यांसाठी मेलबर्नला आली आणि करोनाने विमानंच बंद केली! मग क्रेगीबर्नचं आमचं घर, भोवती पाच किलोमीटरची हद्द आणि ताटात सुपरमार्केटचे पांढरेफटक तुकडे. "हा मासा आहे की साबण?" असं तिने पहिल्या आठवड्यात विचारलं. पुढे विचारणंच सोडलं. हळूहळू बोलणं कमी झालं आणि जेवण पेजेवर आलं. एका दुपारी बाळाला मांडीवर घेऊन ती शांतपणे म्हणाली, "इथेच मेले तर पुरण्याआधी मला एकदा समुद्र दाखवा."

माझी बायको सँड्रा आत जाऊन रडली. बाहेर आली ती माझ्यावर डोळे वटारतच. (जसा काही करोना मीच आणला होता!) शहराभोवतीची नाकाबंदी उठली त्याच दिवशी मी जाहीर केलं, की मम्मीला खऱ्याखुऱ्या मच्छीमार गावात नेणार आणि ताजी मासळी खायला घालणार.

आता यात माझाही थोडा स्वार्थ होता. मी वाडीतला माणूस. आमच्याकडे केळी आणि वांगी. मासा आम्हाला ताटात आल्यावरच कळतो. लग्नाआधी सासूबाईंनी मला बाजारात पापलेट निवडायला लावलं होतं, आणि माझी निवड बघून सँड्राला एवढंच विचारलं होतं, "नोकरी तरी बरी आहे ना याला?" तो डाग धुवायचा होता.

गावाचं नाव सांगत नाही, कारण तिथे मला अजून तोंड दाखवायचं असतं. रस्ता मात्र सोपा आहे. गिप्सलँडच्या दिशेने जात राहायचं. आधी रेडिओ बंद पडतो, मग फोनची रेंज जाते, मग बायको बोलायची थांबते. तिथून उजवीकडे वळायचं. मी डावीकडे वळलो आणि थेट एका गोठ्यात जाऊन पोचलो. तिथल्या शेतकऱ्याने हसतमुखाने सांगितलं, की नो वरीज मेट, पूर्वी जिथे पब होता तिथे वळ. पूर्वी! नसलेला पब शोधत मी तीन फेऱ्या मारल्या. गाईसुद्धा ओळखायला लागल्या.

शेवटी मागच्या सीटवरून सासूबाईंचा आवाज आला. "काच खाली कर." मी केली. तिने नाक बाहेर काढून वास घेतला. "इकडून घे. खारं वारं आहे." दहा मिनिटांत समोर समुद्र. खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला फोन खिडकीतून फेकून द्यावासा वाटला.

वीसेक घरं, एक लाकडी जेट्टी, पाच-सहा बोटी आणि कठड्यावर एक लठ्ठ पेलिकन. सासूबाई बोटींकडे बघत उभी राहिली. एकीच्या काठावरून हात फिरवला आणि रुमालाने डोळे पुसले. मला भरून आलं. पण मासळी? जेट्टीवर जाळं सांधत बसलेल्या बॅरी नावाच्या म्हाताऱ्याने सांगितलं, की सगळा माल पहाटेच ट्रकने गेला. कुठे? मेलबर्नला! फिश अँड चिप्सचं दुकानही करोनामुळे बंद. चार तास गाडी हाकून मी सासूला मासे नसलेल्या मच्छीमार गावात आणलं होतं.

सँड्राने माझ्याकडे पाहिलं. मी पळतच पेट्रोल पंपाच्या दुकानात शिरलो, आणि काय सांगू, कोपऱ्यातल्या फ्रीझरमध्ये तारली! माकूल! डोक्यासकट कोळंबी! आणि तीही इतकी स्वस्त. मास्कमुळे चष्म्यावर वाफ धरली होती, त्यामुळे पाकिटावर इंग्रजीत 'बेट' एवढंच वाचता आलं. म्हटलं, कंपनीचं नाव असेल. सहा पाकिटं उचलली. दुकानातल्या बाई कौतुकाने म्हणाल्या, स्नॅपरला हे फार आवडेल. हा स्नॅपर कोण ते कळेना, पण मी नम्रपणे सांगितलं, की हे फक्त घरच्यांसाठी आहे. बाईंचा चेहरा उतरला.

जेट्टीवर मी पाकिटं सासूबाईंपुढे अशी मांडली, की जणू स्वतः जाळं टाकून आलोय. तिने एक तारली उचलली, कल्ला उघडला, नाकाशी धरली आणि माझ्याकडे फार मायेने पाहिलं.

"विल्सन, हे खायचं नाही रे. गरीला लावायचं."

'बेट' म्हणजे गळाचं आमिष, आणि स्नॅपर म्हणजे ते गिळणारा मासा! ती इंग्रजीचं एक अक्षर वाचत नाही. सगळं वाचता येणारा मी तिथे तोंड वासून उभा. बॅरी हसून हसून जाळ्यावर आडवा झाला. मला वाटलं, आता ही पुन्हा पेजेवर जाणार. पण सासूबाईंनी बॅरीची सुरी मागून घेतली, माकलाच्या बोटभर पट्ट्या कापल्या, त्याचीच गळाची हातदोरी उचलली आणि जेट्टीच्या टोकाला जाऊन बसली. पाणी कसं वाहतंय ते बघितलं, दोरी सोडली. पाच मिनिटं झाली. मग एकच हिसका, आणि वर आला एक लांबट, चंदेरी मासा.

"अगं बाई! मुडदुशी!"

"वायटिंग," बॅरी म्हणाला.

"मुडदुशी," सासूबाईंनी त्याला दुरुस्त केलं.

एकाला दुसऱ्याची भाषा येत नव्हती, पण दोन तास दोघं न थांबता बोलले. दुपारपर्यंत अकरा मुडदुश्या झाल्या. पर्समधून तिने मसाल्याची बाटली काढली (नऊ महिने ती बाटली पर्समध्ये होती, हे आम्हाला तेव्हा कळलं), बागेतल्या सरकारी बार्बेक्यूवर मासे भाजले आणि डोक्यासकट तीन खाल्ले. काटा चोखताना ती हसली. ते बघून सँड्रा पुन्हा रडली, यावेळी माझ्यासमोर. मग दर रविवारी जाणं सुरू झालं. गाडी मी चालवायची आणि गावात पोचल्यावर गप्प बसायचं, असं ठरलं.

दोन महिन्यांनी एका खास विमानात एक जागा मिळाली. मी जवळजवळ नाचतच सांगायला गेलो. सासूबाई ओट्याशी माकूल कापत होती.

"आत्ताच? परवा अमावास्या. उधाणाचं पाणी आहे."

"मम्मी, पण पुन्हा जागा मिळेल न मिळेल."

तिने सुरी खाली ठेवली.

"मग वाया नको घालवू. तूच जा, तुझ्या आईला भेटून ये. गाडीची चावी तेवढी सँड्राकडे ठेवून जा."

मी मोठ्या आशेने सँड्राकडे पाहिलं. तिने हात आधीच पुढे केला होता.