त्या दिवशी तुम्ही कुठे होतात?

आमच्या इतिहासाच्या बाईंना शाळेत सगळे ‘कुठे-होतात बाई’ म्हणत. कुठलीही चळवळ शिकवून झाली की त्या पुस्तक मिटायच्या, बोटांचा खडू रुमालाला पुसायच्या आणि म्हणायच्या, “आता घरी विचारून या. त्या दिवशी आपल्या घरचं माणूस कुठे होतं? छान उत्तर नको, खरं हवं.” याला परीक्षेत गुण नसत. तरी मुलुंडच्या त्या शाळेत याच गृहपाठाची आम्हाला धास्ती वाटायची, कारण बहुतेकांच्या घरून एकच उत्तर यायचं. घरीच होते. कामाला गेले होते. मुलं ते मान खाली घालून सांगत. बाई हसत नसत, रागावतही नसत. “पुढे गेलेल्यांची नावं पुस्तकात असतात,” त्या म्हणायच्या. “मागे राहिले ते का राहिले, हेही कळायला हवं. नाहीतर आपणही तिथेच बसून राहू.”

मला मात्र धास्ती नव्हती. माझे आजोबा गिरणीत होते, परळच्या चाळीत राहायचे, आणि संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याच्या गोष्टी त्यांच्याकडून मी लहानपणापासून ऐकत आले होते. आम्ही नाहूरला राहायला आलो तरी त्या गोष्टी संपल्या नव्हत्या. नववीत बाईंनी ती चळवळ शिकवली, तेव्हा मी ऐटीत घरी गेले. बाईंनी सांगितल्याप्रमाणे बारीकसारीक विचारायला लागले. मोर्चा कुठून निघाला? तुमच्या शेजारी कोण होतं? पळताना कुठल्या गल्लीत शिरलात? आजोबा आधी अडखळले, मग एकदम चिडले. जेवणावरून उठून गॅलरीत जाऊन बसले. आई मला म्हणाली, “कशाला छळतेस त्यांना?”

दुसऱ्या दिवशी ते कोट-टोपी घालून माझ्याबरोबर शाळेत आले. शिक्षकांच्या खोलीत दुसरं कुणी नव्हतं. मला लाजेने कुठे पाहावं कळेना.

“बाईनू, पोरांका ह्या काय शिकवतास?” आजोबा म्हणाले. “म्हाताऱ्या माणसांची उलटतपासणी?”

बाईंनी त्यांना खुर्ची दिली. “बसा. आधी माझं सांगते,” त्या म्हणाल्या. “बेचाळीस साली मी तुमच्या नातीएवढी होते. आमच्या मास्तरांना पोलिसांनी वर्गातून नेलं. मग हेडमास्तर आले आणि म्हणाले, ज्यांना मास्तरांचं बरोबर वाटतं त्यांनी उभं राहावं. तिघी उभ्या राहिल्या. मी बसून राहिले. त्या तिघींची शाळा कायमची सुटली. त्या वर्षी पहिला नंबर माझा आला. त्यांतली एक माझ्याहून हुशार होती. बक्षीस घेताना लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी ते घेतलं.”

आजोबांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “मी पण नाय गेलंय, बाई. चाळीतले सगळे गेले. मी आजारी आसंय म्हणान सांगितलंय आणि कडी घालून बसलंय. आमच्या बाजूचो एक पोरगो परत इलो नाय. लोकांकडून ऐकलेल्यो त्याच्याच गोष्टी मी हिका माझ्यो म्हणान सांगत होतंय.”

मला वाटलं, बाई आता त्यांची समजूत घालतील. जाऊ द्या, काळच तसा होता, असं काहीतरी म्हणतील. त्या म्हणाल्या, “बुधवारी दुपारी मी वॉर्ड ऑफिसात जातेय. मैदानासाठी. याल?”

शाळेमागच्या मैदानाची गोष्ट आम्हाला ठाऊक होती. खेळासाठी राखून ठेवलेली ती जागा कुणीतरी पत्रे ठोकून अडवली होती. बाई एकट्या खेपा घालत होत्या, आणि आमच्या बिल्डिंगमधले लोक म्हणत, बाई बघताहेत ना, मग झालं. त्या बुधवारी आजोबा गेले. शाळा सुटल्यावर मीही गेले. तिथल्या साहेबाने आम्हाला बाकावर ताटकळत ठेवलं आणि शेवटी आजोबांना विचारलं, “तुमचा काय संबंध? या वयात तुम्ही खेळणार आहात का?” आजोबांनी बाईंकडे पाहिलं. बाई मुद्दाम खिडकीबाहेर बघत राहिल्या. मग आजोबाच म्हणाले, “जागा आमची सगळ्यांची आसा. म्हणान इलंय.” एवढंच. बाहेर आल्यावर ते नळाला तोंड लावून खूप पाणी प्यायले.

पुढच्या बुधवारी त्यांनी गिरणीतले दोन जुने सोबती आणले. मग बिल्डिंगमधल्या बायका आल्या, नंतर माझे बाबाही रजा टाकून आले. वर्ष गेलं त्यात. अर्ध्या जागेवरचे पत्रे निघाले. उरलेल्या अर्ध्यावर तोवर इमारत उभी राहिली होती.

बाई निवृत्त झाल्या तेव्हा त्या अर्ध्या मैदानात मंडप घालून लोकांनी त्यांचा सत्कार केला. भाषणं झाली. त्यांना लढवय्या म्हणून झालं, शाल पांघरून झाली. बाई माईकपाशी उभ्या राहिल्या.

“पत्रे लागायला सुरुवात झाली ती मे महिन्यात,” त्या म्हणाल्या. “माझ्या घराच्या खिडकीतून दिसत होतं. मी अख्खी सुट्टी ते बघत बसले. कुणीतरी बोलेल असं वाटत होतं. तेव्हाच गेले असते तर कदाचित सगळं मैदान राहिलं असतं. एवढी वर्षं मुलांना इतिहास शिकवला आणि वेळ आली तेव्हा पुन्हा बसून राहिले. या शालीची मला लाज वाटते. पण तुम्ही प्रेमाने दिलीत, म्हणून ठेवते.”

काहींनी सवयीने टाळ्या वाजवल्या आणि मध्येच थांबवल्या. आम्ही सगळेच त्या पत्र्यांसमोरून रोज गेलो होतो. बाईंच्या नजरेला नजर द्यायला कुणी तयार नव्हतं. पेढे न घेताच लोक पांगले.

आजोबा तेवढे थांबले. बाई दोन दिवसांनी सांगलीला भावाकडे कायमच्या जाणार होत्या. घरापर्यंत पोहोचवायला आम्ही त्यांच्याबरोबर निघालो. वाटेत त्या म्हणाल्या, “खालच्या झोपड्यांत नाल्याचं पाणी शिरतं. त्याचं वॉर्ड ऑफिसात सांगायला जायचं होतं बुधवारी. राहून गेलं.”

“मी जातंय,” आजोबा म्हणाले.

बाईंनी मान हलवली. आभार मानले नाहीत.

बुधवारी आजोबा जेवून निघाले ते संध्याकाळी परतले. आईने पाणी दिलं. कोट खुंटीला अडकवत ते म्हणाले, “सायब नव्हतो. सोमवारी परत जावक होया.”